वखराची पास आणि रानाचा केर



घर आपण रोज झाडतो. एक दिवस झाडले नाही तर केर साचतो. आठ दिवस झाडले नाही तर घरात पाऊल ठेववत नाही. मग शेताचे काय? शेतात केर होत नाही का? होतो. मागच्या पिकाची धसकटे उभी राहतात. पालापाचोळा पडतो. तण माजते. जमिनीच्या अंगावर जणू मेलेल्या गवताची गोधडीच पडते. तिच्याखाली हरळी आणि कुंदा खुशाल मुळे पसरतात.

घर झाडायला केरसुणी असते, तसा शेत झाडायला वखर असतो. हा धडा वखराचा आहे. वखर कसा चालवावा, कधी चालवावा आणि त्याची निगा कशी राखावी, ते आपण पाहू.

कयाधूकाठचे रान

हिंगोली जिल्ह्यातले नरसी नामदेव हे गाव आपल्याला ठाऊक आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून दुरून माणसे तिथे येतात. गावाजवळून कयाधू नदी वाहते. नदीकाठची जमीन काळी, भारी. तिच्यात सोयाबीन होते, कापूस होतो, तूर होते, हळद होते. हिवाळ्यात हरभरा आणि ज्वारी होते.

काळी जमीन मोठी गुणाची. पाणी धरून ठेवते. पण तिचे दोन दोषही आहेत. ओली झाली की पायाला चिकटते, आणि वाळली की तिला भेगा पडतात. आणखी एक गोष्ट आहे. भारी रानात कुंदा फार माजतो.

अशा एका रानाच्या बांधावर आम्ही उभे होतो. शेत एका बाईंचे. मालक वारलेले, मुले लहान. बाई म्हणाल्या, "काय सांगावं दादा, कुंदानं सारं रान खाल्लं. बी पेरते मी, अन् पीक घेतो कुंदा."

आम्ही विचारले, "बाई, काही उपाय केला का?"

बाई म्हणाल्या, "केला की. उसने पैसे काढले. ट्रॅक्टरवाल्याकडून रोटाव्हेटर फिरवून घेतला. रान कसं भुसभुशीत दिसलं! पण पाऊस पडला अन् कुंदा दुप्पट उगवला."

पैसे गेले आणि कुंदा वाढला. असे का झाले? ते आधी समजून घेऊ.

तणाचे तुकडे, तणाची पोरे

काही तणे बियांपासून उगवतात. ती उपटली किंवा कापली की मरतात. पण कुंदा, हरळी आणि लव्हाळा ह्यांची गोष्ट वेगळी.

कुंद्याच्या कांड्या जमिनीच्या आत खोल जातात. हरळीला पेरापेरावर मुळे फुटतात. लव्हाळ्याला जमिनीत गाठी असतात. ओल्या जमिनीत ह्यांचे तुकडे केले तर काय होते? ज्या तुकड्याला डोळा आहे, त्या तुकड्यातून नवे तण उगवते. एकाचे दहा होतात. ऊस आपण कसा लावतो? कांडी तोडूनच लावतो ना? तसेच हे. बाईंच्या रानात रोटाव्हेटरने कुंद्याची लागवडच करून दिली.

मग उपाय काय? तुकडे करायचे नाहीत. मुळे वर काढायची, उन्हात वाळवायची आणि वेचून रानाबाहेर न्यायची. वखराने हे काम होते. पण ते योग्य वेळी केले तरच होते.

वखर कसा असतो

वखराचे भाग थोडेच आहेत. एक जाड आडवे लाकूड असते. ते बहुधा बाभळीचे. त्याच्या खाली दोन मजबूत खुंट बसवलेले असतात. त्यांना कोणी जानावळी म्हणतात, कोणी जानकुडी. ह्या दोन खुंटांना खाली लोखंडाची आडवी पट्टी बसवतात. तीच पास. कोणी तिला फास म्हणतात. लांबी साधारण दीड ते दोन फूट. पुढे दांडी जुवापर्यंत जाते. मागे हातात धरायला रुमणे असते.

नांगर माती उलथतो. वखर माती उलथत नाही. त्याची पास जमिनीच्या कातडीखालून, दोन-तीन इंच खोल, आडवी सरकत जाते. ती धसकटे तळातून कापते. तणाची मुळे तोडते आणि वर आणते. ढेकळे फोडते. वरची माती मोकळी करते.

मोकळी माती कशाला हवी? तिचा फार मोठा उपयोग आहे. काळ्या रानाच्या भेगांतून जमिनीची ओल वाफ होऊन उडून जाते. वखराने वरची माती मोकळी केली की भेगा बुजतात. वरचा कोरडा थर पांघरुणासारखा पडतो. खालची ओल खालीच राहते. हिवाळ्यात हरभऱ्याला आणि ज्वारीला तीच ओल कामाला येते.

वखर केव्हा चालवावा

पहिली वेळ उन्हाळ्याची. कापूस आणि तूर निघाली की पऱ्हाट्या व तुराट्या उपटून रान रिकामे करावे. पऱ्हाट्या रानात ठेवू नयेत. राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या पिकावर येते. २०१७ साली ह्या अळीने महाराष्ट्रात कापसाचे फार नुकसान केले, हे पुष्कळांना आठवत असेल.

रानात कुंदा असेल तर नुसत्या वखराने भागत नाही. कुंद्याची मुळे खोल असतात आणि पास दोन-तीन इंचच जाते. म्हणून आधी खोल नांगरट करावी. मोठी ढेकळे उन्हात चांगली तापू द्यावी. मग एप्रिल-मे महिन्यांत वखराच्या पाळ्या घालाव्या. एक पाळी उभी, दुसरी आडवी. प्रत्येक पाळीनंतर वर आलेल्या कांड्या वेचाव्या.

दुसरी वेळ मृगाची. पहिला पाऊस पडला की पेरायची घाई करू नये. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे तीन ते चार इंच होऊ द्यावा. तोवर तणाचे पहिले कोंब वर येतात. मग वाफसा आला की एक पाळी घालावी. ते कोवळे तण सारे मरते. त्यानंतर पेरावे. पुढच्या खुरपणीची मजुरी इथेच वाचते.

तिसरी वेळ सोयाबीन निघाल्यावर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला रान रिकामे होते. हरभरा पेरायचा असेल तर लगेच वखर घालावा. चार दिवस उशीर झाला तर ओल उडते आणि रान कडक होते.

उभ्या पिकात मात्र वखर चालत नाही. तिथे ओळींमधून कोळपे किंवा डवरा चालवावा.

वाफसा ओळखायची खूण

रान फार ओले असताना वखर घालू नये. माती पाशीला चिकटते. वरची माती मोकळी होत नाही, तिची ढेकळे बनतात आणि वाळल्यावर दगडासारखी होतात. शिवाय पाशीखाली चिकण थर बसतो. त्यातून मूळ खाली जात नाही.

खूण सोपी आहे. चार बोटे खोल उकरून मूठभर माती घ्या. मुठीत दाबून लाडू करा. तो लाडू कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडा. लाडू फुटून माती मोकळी झाली तर वाफसा आला समजा. लाडू तसाच चपटा पडला तर थांबा. लाडू वळलाच नाही तर रान कोरडे झाले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कुंदा आणि हरळी काढायची असेल तर रान कोरडेच हवे. तिथे वाफसा शोधू नका. कडक ऊन हीच त्यांची मरणवेळ.

वखर चालवताना

उतार असेल तर उताराला आडवा वखर चालवा. म्हणजे बारीक वरंबे होतात. पाणी त्यांना अडते, जिरते आणि माती वाहून जात नाही.

पास किती खोल जाते, ते जुवाच्या बांधणीवर असते. जू दांडीच्या टोकाकडे बांधले तर पास खोल जाते. जू वखराच्या जवळ बांधले तर दांडी उचलली जाते आणि पास वर येते. एकेक वीतभर सरकवून पाहावे. मग दहा पावले चालून मागे वळून बघावे. धसकटे कापली गेली का? माती सारखी मोकळी झाली का? मध्ये पट्टे सुटले का? प्रत्येक तासात मागच्या तासावर चार बोटे पास चढवावी, म्हणजे पट्टा सुटत नाही.

पास वर तरंगू लागली की आपल्याकडे एक वाईट रीत आहे. वजन म्हणून वखरावर पोराला बसवतात. पोरालाही गंमत वाटते. पण बैल बुजला, पाशीला दगड लागला, तर पोर खाली पडते. खाली धारेची पास असते. बंधूंनो, असे कधीही करू नका. वजन हवे असेल तर दगड बांधा. आणि आधी पाशीची धार बघा. पास तरंगते ती बहुतेक बोथट झाल्यामुळे.

पाशीत काडीकचरा अडकला तर काय करावे? बैल चालत असताना हात घालू नये. बैल उभे करावे. रुमणे उचलून वखर झटकावा. तरी निघाले नाही तर काठीने काढावे.

वळताना वखर उचलून धरावा. नाही तर पास बैलाच्या मागच्या पायाला लागते. बैलाला जखम झाली तर गुरांच्या दवाखान्यात न्यावे. माणसाला जखम झाली तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. माती, शेण, राख लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई घ्यावी.

थोडा हिशोब करू

एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तर एकराचे झाले ४३,५६० चौरस फूट. पास दीड फुटाची असेल तर एक एकर वखरायला बैलांना किती चालावे लागेल?

४३,५६० ला दीडने भागा. उत्तर येते २९,०४० फूट. म्हणजे जवळजवळ नऊ किलोमीटर! आणि हे वळणे सोडून.

नऊ किलोमीटर बैल ओढतात आणि नऊ किलोमीटर माणूस मागे चालतो. पास बोथट असली तर ती कापत नाही, नुसती फरफटते. सारा जोर बैलाच्या खांद्यावर येतो. खांदा सुजतो, सोलतो. मग ऐन पेरणीत बैल बसून राहतो. पाशीला धार लावायला थोडे पैसे लागतात. बैल बसला तर पेरणी जाते. आता कशात फायदा आहे, ते तुम्हीच सांगा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. हळद आणि तूप लावून खांदे चोळतो. ही रीत चांगलीच आहे. पण बैलाच्या खांद्याची काळजी वर्षातून एकदाच का? ज्या दिवशी तुम्ही पास पाजवून आणता, त्या दिवशीही खांदेमळणीच झाली म्हणा. जुवाचा खांद्यावर येणारा भाग गुळगुळीत असावा. संध्याकाळी जू सोडले की खांद्यावर हात फिरवून बघावा. गरम लागला किंवा सूज दिसली तर दुसऱ्या दिवशी बैल जुंपू नये.

वखराची निगा

१. रोज काम संपले की पास पुसावी. ओली माती तशीच राहिली की गंज चढतो. गंज चढलेल्या पाशीला माती जास्त चिकटते आणि बैलांना ओढ वाढते.

२. धार बोटाने नव्हे, डोळ्याने पाहावी. पास उलटी करून उजेडात धरा. खालची कड घासून गोल झाली असेल तर ती जमिनीत शिरत नाही. दोन्ही टोके जास्त झिजतात, तीही पाहा.

३. अशी पास लोहाराकडे न्यावी. लोहार ती तापवतो, ठोकून कड पातळ करतो आणि पाणी देतो. पाणी कमी बसले तर धार टिकत नाही. जास्त बसले तर कड ठिसूळ होते आणि दगड लागला की तुकडा उडतो. म्हणून घाईगर्दीत काम करून घेऊ नये. मृगाच्या तोंडावर लोहाराकडे गर्दी असते. चैत्रातच पास नेऊन द्यावी.

४. नवी पास घ्यायची झाली तर पोलादाची घ्यावी. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याची पास पुष्कळ लोहार करून देतात. ती साध्या लोखंडापेक्षा जास्त टिकते.

५. खुंट, पाचरी आणि लोखंडी कडी रोज सकाळी हलवून पाहावी. ढिली असतील तर पाचर ठोकावी. पास वाकडी बसली तर वखर एका बाजूला ओढतो आणि एकाच बैलावर भार पडतो.

६. दोर आणि नाडे तपासावे. मधे झिजलेला दोर गाठ मारून चालवू नये, बदलावा.

७. हंगाम संपला की वखर धुऊन, वाळवून ठेवावा. पाशीला वापरलेले तेल चोपडावे. लाकडाला जवसाचे किंवा करंजीचे तेल द्यावे. वखर जमिनीवर टाकू नये, वाळवी लागते. दोन दगडांवर, छपराखाली ठेवावा. पास भिंतीकडे करावी, म्हणजे येताजाता कुणाच्या पायाला लागणार नाही.

ट्रॅक्टरने वखरणी करताना

आता पुष्कळ घरी बैल राहिलेले नाहीत. भाड्याच्या ट्रॅक्टरने वखरणी होते. त्यात वावगे काही नाही. पण पाळी घालायची वेळ ट्रॅक्टरवाल्याच्या सवडीने ठरवू नका. ओल्या रानात जड ट्रॅक्टर फिरला तर जमीन खोल दबते. आधी लाडू करून पाहा, मग ट्रॅक्टर बोलवा. कुंदा-हरळीच्या रानात रोटाव्हेटर नको, पाशीचा किंवा दात्यांचा वखर लावा, असे स्पष्ट सांगा. पैसे तुमचे, रान तुमचे. सांगायला लाजू नका.

ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या अवजारावर कुणालाही बसू देऊ नका. जोडाची पिन आणि तिची कडी नीट बसली आहे का ते बघा. कचरा काढायचा असेल तर इंजिन बंद करायला लावा आणि अवजार जमिनीवर टेकवायला सांगा. उचललेल्या अवजाराखाली वाकू नका. ते खाली आले तर सावरायला वेळ मिळत नाही.

वेचलेल्या केराचे काय करावे

पुष्कळ लोक सारा केर रानातच पेटवतात. ज्वारीची धसकटे, सोयाबीनचा भुसा, पाला हे सगळे खत आहे. ते जाळले तर खत जळाले आणि वरच्या मातीतले बारीक जीवही मेले. हा केर उकिरड्यात किंवा खताच्या खड्ड्यात घालावा. शेणकाला शिंपडावा. पुढच्या वर्षी तो सोन्यासारखा परत येतो.

कुंद्याच्या कांड्या, हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी मात्र हिरव्या असताना खड्ड्यात टाकू नयेत. त्या तिथेच उगवतात आणि खताबरोबर पुन्हा रानात येतात. त्या खडकावर किंवा रस्त्याच्या कडेला कडक उन्हात वाळवाव्या. कांडी मोडून पाहावी. कडकन मोडली, आत ओल दिसली नाही, म्हणजे मेली. मगच तिचे काय ते करावे. बांधावर ढीग लावू नये. बांधावरून रानात यायला तिला एक पाऊसच पुरतो.

बाईंना आम्ही काय सांगितले

आता त्या बाईंकडे परत येऊ. आम्ही त्यांना खोटा दिलासा दिला नाही. आम्ही म्हणालो, "बाई, कुंदा एका उन्हाळ्यात जाणार नाही. दोन-तीन उन्हाळे चिकाटी धरावी लागेल. सारे रान एकदम हाती घेऊ नका. आधी अर्धा एकर घ्या. नांगरा, तापवा, वखरा, वेचा. पावसाळ्यात त्या तुकड्यात कुंद्याचा कोंब दिसला की लगेच खुरप्याने खोलवर काढा. कोंबाला पान फुटू दिले की तो मुळांना पुन्हा पोसतो. पानच मिळाले नाही तर मूळ उपाशी मरते."

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला उपाशी ठेवायचं. आजवर तो मला ठेवीत होता."

वखर हे साधे अवजार आहे. चार लाकडे आणि एक पट्टी. पण त्याची वेळ ओळखली आणि धार राखली तर त्याच्यासारखा गडी नाही. उद्या सकाळी आपला वखर बाहेर काढा. पास उलटी करून उजेडात धरा. काय दिसते ते पाहा.

विचार करा आणि उत्तरे लिहा

१. कुंद्याच्या रानात रोटाव्हेटर फिरवला तर कुंदा का वाढतो?

२. वाफसा आला की नाही, हे तुम्ही कसे ओळखाल?

३. तुमच्या वखराची पास किती फुटांची आहे? मोजा. ती घेऊन एक एकर वखरायला किती फूट चालावे लागेल, त्याचा हिशोब करा.

४. वखरावर पोराला का बसवू नये? हे शेजाऱ्याला वाचून दाखवा.